रावेरकर मास्तरांची आठवी

समजा, तुमच्यापुढे अठ्ठावन्न उत्तरपत्रिका आहेत. विषय अंकगणित, इयत्ता आठवी. उद्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत गुण रजिस्टरात चढले पाहिजेत. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली तुम्ही आफ्रिकेचा फाटका नकाशा घडी करून सारला आहे. आता तांबडी पेन्सिल घ्या आणि सुरू करा.

सातव्या मुलाने आगगाडीच्या वेगाचे गणित केले आहे. रीत बरोबर आहे. तिसऱ्या ओळीत मात्र त्याने सात आठे चोपन्न लिहिले आणि तिथून पुढची प्रत्येक ओळ त्या चोपन्नाशी इमान राखून आहे. उत्तर अर्थात चूक. आठ गुणांपैकी किती द्याल? तुम्ही जरा थांबता आणि तीन देता. एकेचाळिसाव्या मुलाची चूक हुबेहूब तीच आहे, पण मधल्या वेळात तुमचा चहा झाला आहे. त्याला तुम्ही पाच देता. मग सातवा आठवतो. तो गठ्ठ्याच्या तळाशी गेलेला असतो. त्याला कोण उकरून काढणार? राहू दे.

तो तीन आणि हा पाच दोघेही रजिस्टरात जातात. सहा महिन्यांनी कोणी तरुण त्यांची सरासरी काढतो, तीही दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, आणि कोणता मास्तर कसा शिकवतो हे त्यावरून जाहीर करतो. १९३४ साली बऱ्हाणपुरात हे काम करणारा तरुण मीच होतो. ज्यांच्या बाबतीत ते केले, त्या विनायकराव रावेरकर मास्तरांची ही हकिकत आहे. तिच्यात माझे नाव वारंवार येईल आणि प्रत्येक वेळी नको त्या ठिकाणी येईल.

रावेरकर मास्तर तेव्हा पन्नाशीला आले होते. राहायला इतवाऱ्यात. अंगात एकेकाळी काळा असलेला कोट, आणि त्याच्या खिशात बोटाच्या पेराएवढाले पेन्सिलीचे तुकडे. शिक्षण मॅट्रिक. ट्रेनिंग नाही. आमच्या खाजगी हायस्कुलात ते सव्वीस वर्षे होते आणि त्यातली शेवटची चौदा आठवीच्या वर्गावर. तांबडी पेन्सिल त्यांनी कधी वापरली नाही. "तांबडं दिसलं की पोरगं आधी घाबरतं, मग वाचतं," असे म्हणत.

त्यांची तपासण्याची तऱ्हा निराळी होती. गणितात जिथे चूक सुरू झाली, त्या ओळीच्या डाव्या बाजूला समासात ते एक बारीक ठिपका देत. बस. फुली मारायची नाही, गुण लिहायचे नाहीत, बरोबर उत्तरही सांगायचे नाही. वही मुलाकडे परत. मुलाने त्या ओळीपासून शोधायचे, दुरुस्त करायचे आणि वही पुन्हा आणायची. दुसरी चूक सापडली तर दुसरा ठिपका. एकेक वही तीन-तीन, चार-चार फेऱ्या मारी. सगळे जमले की खाली ते 'ठीक' एवढाच शब्द लिहीत. रजिस्टरात गुणांच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न त्यांना दर महिन्याला पडे. पुष्कळदा महिना संपे तरी तो सुटलेला नसे, आणि रकाना कोरा राही.

मी नागपूरच्या इंजिनिअरिंग शाळेतून ओव्हरसियर होऊन आलो होतो. पुलांना आणि रस्त्यांना माझी गरज भासली नाही, म्हणून मी गणित आणि ड्रॉइंगचा मास्तर झालो. माझे वडील बहादरपुरात शेती करत. त्यांनी गावात सांगितले, "पोरगा पूल बांधनार होता, आता पोरं हाकतो." मी कोटाच्या वरच्या खिशात स्लाइडरूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, ठेवी, अर्धी बाहेर दिसेल अशी. त्यावरून मुलांनी आणि पाठोपाठ मास्तरांनीही माझे नाव ओव्हरसियर ठेवले. मला ते मानाचे वाटे. त्या वर्षी मला बऱ्याच गोष्टी मानाच्या वाटत.

दर महिन्याला चाचणी घ्या, गुण ठेवा, मुलांची प्रगती कळवा, असा शिक्षणखात्याचा कागद शाळेत येऊन पडला होता. आमचे हेडमास्तर पंडित लीलाधर दुबे मूळचे नरसिंहपूरचे. माणूस सज्जन, हिंदी अतिशय शुद्ध. त्यांनी तो कागद स्टाफरूममध्ये वाचून दाखवला आणि विचारले, "यह कार्य कौन करेगा?" सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिले. मी उभा राहिलो.

पंधरा दिवसांत मी सगळ्या शाळेचा आलेख काढला. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर सरासरी, आणि प्रत्येक मास्तरसाठी वेगळ्या रंगाची शाई. रावेरकरांची रेघ हिरवी होती. आता अडचण अशी की त्यांच्या पाच महिन्यांपैकी तीन कोरे. जिथे मोजमाप घेतलेले नाही तिथे शून्य लिहायचे नसते, हे मला नागपूरला पहिल्याच महिन्यात शिकवले होते. नदीची पातळी मोजायला माणूस गेला नाही, म्हणून नदी कोरडी ठरत नाही. पण कोरी जागा सोडली तर हिरवी रेघ तुटत होती आणि तुटलेली रेघ दिसायला वाईट दिसत होती. मी शून्य धरले. रेघ तळाला जाऊन बसली, पण अखंड दिसली.

पंडितजी म्हणाले, "अति सुंदर." आलेख शाळेच्या कमिटीकडे गेला. कमिटीचे चिटणीस दिगंबरपंत वकील होते. त्यांना रंग आवडले नाहीत, पण तळाची रेघ त्यांनी लगेच ओळखली. ट्रेनिंग नसलेला मास्तर, सव्वीस वर्षे, आणि हा निकाल. त्यांनी ठराव मांडायचे ठरवले: नव्या महिन्यापासून रावेरकरांना खालच्या प्राथमिक वर्गावर पाठवावे आणि आठवी ओव्हरसियरांकडे द्यावी. सभेला तीन आठवडे होते. तोवर सवय व्हावी म्हणून एक आठवडा आठवीचा तास मीच घ्यायचा, असे ठरले.

खरे सांगतो, मला आनंद झाला. सोमवारी मी स्लाइडरूल पुसून वर्गात गेलो, आठ गणिते घातली, रात्रीत तपासली आणि मंगळवारी वह्या वाटल्या. तांबड्या पेन्सिलीने गुण मोठे आणि गोलात लिहिले होते. मुलांनी वही उघडली, गोलातला आकडा पाहिला, शेजारच्याचा पाहिला, वही मिटली. अठ्ठावन्न वह्या मिटायला एक मिनिटही लागले नसेल. पुढच्या बाकावरचा उखर्डू तेवढा पान उलटसुलट करून पाहत होता.

"काय शोधतो रे?"

"ठिपका, सर."

"तीन गुण मिळाले आहेत ना तुला? लिहिलंय की."

"हो सर. पण कुठून चुकलं?"

"आठातले पाच गेले, म्हणजे बरंच चुकलं."

तो आदराने "जी सर" म्हणाला आणि बसला. सात आठे किती हे त्याला मंगळवारीही माहीत नव्हते आणि बुधवारीही. शुक्रवारी मी परत तशीच गणिते घातली. ज्यांना तीन होते त्यांना तीनच आले. माझे मोजमाप इतके अचूक होते की त्यात काही बदलतच नव्हते.

शनिवारी संध्याकाळी मी रावेरकरांकडे गेलो. त्यांची पत्नी कोकिळाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"या ओव्हरसियरभाऊ. मोजपट्टी आणलीय ना? यांची उंची घ्यायची राहिली असेल."

"अगं, आत येऊ दे त्यांना," मास्तर आतून म्हणाले.

मी आत जाऊन सतरंजीवर बसलो आणि कोऱ्या रकान्यांत मी शून्य धरल्याचे सांगितले. मला वाटले होते ते चिडतील. त्यांनी आलेख मागितला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "रेघ छान ओढलीय हो. हात थरथरला नाही कुठे."

"मास्तर, तुम्हांला खालच्या वर्गावर पाठवणार आहेत."

"ऐकलं मी." त्यांनी कागदाची नीट घडी केली. "खालचा वर्ग वाईट असतो असं नाही. पण मला आठवी सोडायची नाही. पहिली दहा वर्षं माझी नुसती चुकण्यात गेली. ठिपका कुठे द्यायचा, हे आता चार वर्षांत जरा समजायला लागलंय. आता इथून उठवलं तर ते कुठे नेऊ?"

"मग कमिटीला तसं सांगा."

"मला बोलता येत नाही वकिलांपुढे. आणि सांगू काय? ठिपके देतो म्हणून?"

सांगण्यासारखे काही नाही हे खरेच होते. दाखवण्यासारखे मात्र होते. सोमवारी मी पंडितजींच्या मागे लागलो आणि त्यांना रावेरकरांच्या तासाला नेऊन मागच्या बाकावर बसवले. तास संपला तरी ते उठले नाहीत. पोरे वह्या घेऊन मास्तरांकडे येत होती, ठिपका घेऊन जागेवर जात होती, डोके खाजवत होती, आणि मग एखाद्याचा चेहरा असा खुले की पंडितजी स्वतःच पुढे वाकून त्याची वही बघत. त्यांनी त्याच दिवशी कमिटीसाठी स्वतःच्या हाताने रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट हिंदीत होता. कमिटीचे कामकाज मराठीत चाले, आणि दिगंबरपंत त्याबाबत कडक. पंडितजींना सभेच्या दिवशी खंडव्याला जायचे होते. म्हणून त्यांनी तो कागद माझ्या हाती दिला. "मराठी अनुवाद आप कर दीजिए."

आता भाषांतर कसे करावे, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. मी ते पद्धतशीर केले. कागदावर दोन रकाने आखले, डावीकडे हिंदी शब्द, उजवीकडे मराठी. 'बालक'ला 'मुलगा', 'कक्षा'ला 'वर्ग'. जे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत त्यांच्यापुढे नुसती बरोबरची खूण केली. असे अकरा शब्द निघाले आणि तेवढी मेहनत वाचल्याचा मला आनंद झाला. मग शब्द आपापल्या जागी बसवले आणि कागद शाळेच्या कारकुनाकडे सुवाच्य प्रत करायला दिला. पूर्ण मजकूर सलग वाचायची मला गरज वाटली नाही. पुलाचा प्रत्येक दगड तपासल्यावर पूल तपासायचा कशाला, असा माझा विचार असावा.

सभा शाळेच्या वाचनालयात भरली. वाचनालय म्हणजे एक कपाट आणि सहा खुर्च्या. दिगंबरपंत मधे, दोन सभासद दोन्ही बाजूंना, रावेरकर मास्तर समोर, आणि मी भिंतीशी आलेखाची गुंडाळी घेऊन उभा. दिगंबरपंतांनी चष्मा लावून रिपोर्टाची मराठी प्रत वाचायला घेतली.

"'रावेरकर मास्तर प्रत्येक मुलाबरोबर वेगळे बसून चेष्टा करतात.'"

ते थांबले. चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिले. पुन्हा वाचू लागले.

"'दुर्बल मुलांबरोबर ते विशेष चेष्टा करतात. अनेक वर्षांपासून त्यांची ही चेष्टा अखंड चालू आहे. या चेष्टेचे फळ वर्गात दिसून येते.'"

डावीकडच्या सभासदांनी पान तोंडात घातले होते. ते चघळायचे थांबले.

पंडितजींच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. बऱ्हाणपूरच्या बाजारात सगळे त्याला कोशिश म्हणतात. चेष्टा म्हणणारे गावात एकटे पंडितजी असतील, आणि ते खंडव्याला गेले होते. माझ्या रकान्यात त्या शब्दापुढे मोठी, ठळक, बरोबरची खूण होती.

"हेडमास्तरांनी स्वतः वर्गात बसून लिहिलं आहे," दिगंबरपंत म्हणाले. "दुर्बल मुलांची विशेष. काय म्हणणं आहे तुमचं, रावेरकर? हे खरं आहे?"

मी बोलायला तोंड उघडले. पण त्याच्या आत मास्तर उभे राहिले होते. त्यांना आरोपाचे नवल वाटलेले दिसत नव्हते. कुठलेसे जुने पान शोधत असल्यासारखे ते जमिनीकडे पाहत होते.

"रोज करतो असं नाही," ते म्हणाले. "पण केली आहे. एकदा."

"कोणाची?"

"जसोंडीचा कौतिक म्हणून मुलगा होता. अकरा वर्षं झाली. मोटांचं गणित घातलं होतं. विहीर उपसायला एका मोटेला बारा तास, दुसरीला पंधरा, तिसरीला वीस. तिन्ही एकदम चालवल्या तर किती तास? या पोराने पाटीवर रीत मांडलीच नाही. नुसतं लिहिलं, पाच तास, विहिरीचं तोंड मोठं असलं तर."

"उत्तर?"

"पाचच. बरोबर होतं. मला वाटलं, शेजारच्याचं बघून लिहिलंय. मी वर्गाला म्हणालो, कौतिकचं कौतुक करा रे, याला उत्तर मोटेतून वर येतं. पोरं हसली. त्या दिवसापासून त्याला मोट्या म्हणायला लागली. आठ दिवसांनी तो यायचा बंद झाला." मास्तरांनी कोटाचे टोक हातात धरले होते. "शेजारच्याचं उत्तर चूक होतं. ते मी नंतर पाहिलं."

तेव्हा मी पुढे झालो आणि चेष्टा या शब्दाची सगळी कहाणी सांगितली. दोन रकाने, अकरा शब्द, बरोबरची खूण. उजवीकडचे सभासद पोट धरून हसले. पानवाल्यांना ठसका लागला. दिगंबरपंत हसले नाहीत.

"आणखी काही?" त्यांनी मला विचारले. वकिलाला वास येतो.

"आलेखात शून्यं आहेत ती शून्यं नाहीत."

"मग काय आहेत?"

"कोऱ्या जागा आहेत. मी भरल्या."

"का?"

"रेघ तुटत होती."

त्यांनी आलेख मागून घेतला, हिरव्या रेघेवरून बोट फिरवले आणि तो टेबलाखाली ठेवून दिला. मग चष्मा काढून पुसला.

"म्हणजे आलेख खोटा आणि भाषांतर खोटं. ती दोन्ही तुमची. या सभेत खरी निघाली ती एकच गोष्ट, यांची कबुली. आणि ती मी सभेच्या वहीत उतरवून घेतली आहे. आता खोडता येत नाही."

"अहो, पण पंत, ते स्वतःहून बोलले," पानवाले म्हणाले.

"म्हणूनच खोडता येत नाही. असं करा रावेरकर. त्या मुलाकडून लिहून आणा, आपली तक्रार नाही म्हणून. तेवढं वहीला लावतो, विषय मिटला, आठवी तुमची. नाही आणलं तर ठराव आहे तसा पुढे जाईल. आणि दर महिन्याचे गुण रजिस्टरात दिसले पाहिजेत. ठिपके द्या नाहीतर रांगोळी काढा, खात्याला आकडा लागतो."

"आकडे मी लिहून देत जाईन," मी म्हणालो. "मास्तरांशेजारी बसून. तिसऱ्या फेरीला कोणाचं जमलं, चौथीला कोणाचं, ते मोजता येईल."

"तुम्ही मोजणार?" दिगंबरपंत म्हणाले. "कोऱ्या जागा कोऱ्या ठेवाल?"

ठेवीन म्हणालो.

रविवारी सकाळी आम्ही दोघे जसोंडीला निघालो. कोणाची तरी रिकामी बैलगाडी तिकडे चालली होती, तिच्यात बसलो. कापूस वेचायचे दिवस होते. मी वाटेत मास्तरांना, काय बोलायचे, कसे बोलायचे, हे समजावून सांगितले आणि खिशातून तक्रार नसल्याच्या पत्राचा मसुदा काढून दाखवला. त्यात तीन कलमे होती. मास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं."

कौतिकचे घर लगेच सापडले. अंगणात कापसाचा ढीग, आणि ढिगाशी त्याची आई भागाबाई. मास्तरांनी नाव सांगताच तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"आता आले का इचाराले? इतले वर्स काय झोपेल होते?"

"हो बाई," मास्तर म्हणाले.

तिला बहुधा वेगळे उत्तर हवे होते. तिने आमच्याकडे एक नजर टाकली, आत वळून हाक मारली आणि पाण्याचा तांब्या आणून जरा जोरातच आमच्यापुढे ठेवला.

कौतिक बाहेर आला. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा, मिशीला कापसाचे तंतू लागलेले. त्याने मास्तरांना ओळखले, वाकून पायांना हात लावला आणि मग हात झटकले, जणू ते आपोआप झाले होते आणि त्याला तसे करायचे नव्हते.

मास्तर जागेवरून उठले. "कौतिक, त्या दिवशी मी तुला हसलो. तुझं उत्तर बरोबर होतं. चुकलं ते माझं."

"हिसोब मले याद नाही मास्तर," तो म्हणाला. "मोट्या म्हनत पोरं, ते याद आहे. आमच्या गावातबी आलं ते नाव. माह्या लग्नातबी म्हने कोनी."

"अजूनबी म्हनता," भागाबाई म्हणाली.

मी घाईघाईने माझे कलमवार पत्र पुढे केले आणि कमिटीचा प्रकार सांगितला. कौतिकने ते सावकाश वाचले. आठवी अर्धी सोडलेला माणूस, पण वाचताना ओठ हलत नव्हते.

"हे कोनी लिवलं? सदरहू इसम म्हंजे कोन?"

"तुम्ही."

"मंग यात मी कुठी हाये?" त्याने कागद उलटा केला, माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि मागच्या बाजूला स्वतः लिहिले: 'मास्तर घरी आले. आता तक्रार नाही.' खाली नाव. माझी तीन कलमे त्या कागदाच्या पाठीवर गेली आणि तिथेच बरी दिसली.

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठलो. काम झाले होते. गाडीवाला थांबायला तयार नव्हता. पण मास्तर बसूनच राहिले.

"कौतिक, एक विचारू? पाच तास कसे काढलेस रे?"

"आता काय ठाव, मास्तर."

"बोटांवर मोजलं होतंस? मनात?"

"असंच आलं."

"असंच म्हणजे?"

कौतिक हसला. बहुधा त्या सकाळी पहिल्यांदाच. "तुमी अजून तिथीच हाये का?" असे म्हणून त्याने टोपली उचलली आणि तो कापसाकडे वळला.

सोमवारी दिगंबरपंतांनी तो कागद सभेच्या वहीला डकवला. कोणत्या बाजूने डकवावा यावर थोडा विचार झाला, आणि कौतिकची बाजू वर आली. आठवी रावेरकर मास्तरांकडेच राहिली. दर शनिवारी मी त्यांच्याशेजारी बसू लागलो आणि कोणाची वही कितव्या फेरीला पुरी झाली ते लिहू लागलो. उखर्डू सुरुवातीला पाच फेऱ्या घेई, पुढे दोन घेऊ लागला. खात्याला यातून एक आकडा काढून पाठवावा लागे. तो काढताना मी घाम पुसत असे. कोऱ्या जागा कोऱ्या ठेवी. आलेख अगदी तुटका दिसे.

एका शनिवारी काम आटोपल्यावर मी मास्तरांना सांगितले की मोटांचे कोडे मी सोडवले आहे. विहिरीत साठ हिस्से पाणी धरायचे. पहिली मोट तासाला पाच हिस्से काढते, दुसरी चार, तिसरी तीन. मिळून बारा. साठ भागिले बारा, पाच तास. पाटीची गरज नाही, कोणतेही शेतकऱ्याचे पोर मनात करील. मी हे स्लाइडरूलशिवाय केले होते आणि ते त्यांच्या लक्षात यावे म्हणून ती मुद्दाम घरी ठेवून आलो होतो.

मास्तरांनी नीट ऐकले. साठ, पाच, चार, तीन हे आकडे पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिले. मान हलवली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही तुमची रीत झाली, ओव्हरसियर. त्याने कसे काढले असतील हो ते पाच?"